लोकलचा डबा आणि 450 आकडे: गेम बनवणं आणि मशीन लर्निंग एकाच प्रोजेक्टातून शिकताना

गेम डेव्हलपमेंट आणि मशीन लर्निंग एकदम शिकायला घेणाऱ्यांचं घोडं बहुतेक एकाच ठिकाणी अडतं. एकीकडे गेम इंजिनचे व्हिडिओ, दुसरीकडे पायथनचा कोर्स, आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. महिनाभराने दोन्ही अर्धवट पडलेले असतात. त्यापेक्षा एक इवलासा गेम पूर्ण करा आणि मग तोच गेम संगणकाला खेळायला शिकवा. डेटा शोधत फिरायला नको, कारण खेळलेली प्रत्येक फेरी हाच डेटा. नियम तुम्हीच लिहिलेले असल्यामुळे संगणक चुकला तर का चुकला हेही शोधता येतं.

मुंबईकराला यासाठी विषय शोधायची गरज नाही. दादरला उतरणारा माणूस माहीमलाच दाराकडे सरकायला लागतो, आणि फलाट कुठल्या बाजूला येणार ते त्याला पाठ असतं. हाच आपला गेम. डबा म्हणजे 5 ओळी आणि 9 रकान्यांचा पट, एकूण 45 घरं. मधल्या रकान्यात वरच्या ओळीला एक दार, खालच्या ओळीला दुसरं. खेळाडू डाव्या वरच्या कोपऱ्यात. फलाट वर की खाली हे सुरुवातीलाच कळतं. 8 प्रवासी आडवे उभे आहेत. 30 पावलांच्या आत बरोबर दारात पोचायचं. पाच चाली: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, आणि जागीच थांबणं. प्रवासी सध्या हलत नाहीत.

हे फारच लहान वाटेल. पहिला गेम असाच हवा. ओपन वर्ल्ड, मल्टिप्लेअर वगैरे मनात असेल तर वहीत लिहून ठेवा आणि वही मिटा.

सामान

महागडं ग्राफिक्स कार्ड घेऊ नका, या प्रोजेक्टात त्याला कामच नाही. जुना लॅपटॉप रखडत असेल तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) एसएसडी बसवून घ्या आणि रॅम 8 किंवा 16 जीबी करा. जाण्याआधी लॅपटॉपला डीडीआर3 लागते की डीडीआर4 हे बघून ठेवा. दोन्हींच्या खाचा वेगळ्या असतात, चुकीची रॅम बसतच नाही. रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच उरकून घ्या.

इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, गोडोट घ्या, 4.3 किंवा त्यापुढचं. ते फुकट आहे, एमआयटी परवान्याचं आहे आणि इन्स्टॉलही करावं लागत नाही, झिप उघडली की चालू. डाउनलोडच्या पानावर दोन प्रकार दिसतात. त्यातला साधा घ्या, डॉटनेटचा नको. प्रोजेक्ट बनवताना रेंडरर विचारला जातो, तिथे ‘कंपॅटिबिलिटी’ निवडा. जुन्या मशीनवर तोच नीट चालतो, आणि पुढे ब्राउझरसाठी एक्सपोर्ट करायलाही तोच लागतो. युनिटी हे दुसरं इंजिन वाईट नाही, नोकरीसाठी ते कधीतरी शिकावंच लागेल. पण 45 घरांच्या पटासाठी काही जीबींचं इंजिन उतरवणं म्हणजे कोपऱ्यावरून वडापाव आणायला ट्रक काढण्यासारखं.

आधी नियम, मग चित्र

नवखा माणूस गोडोट उघडतो आणि थेट कॅरेक्टरबॉडी2डी टाकतो, कारण प्रत्येक व्हिडिओत तेच असतं. इथे ते नको. आपला गेम घराघराने चालतो. भौतिकशास्त्राचं इंजिन मध्ये आणलं की खेळाडू दोन घरांच्या मध्ये अडकणं, कोपऱ्याला घासणं, भिंतीत शिरणं असल्या कटकटी सुरू होतात आणि त्या निस्तरण्यात दोन आठवडे जातात.

त्याऐवजी पहिली स्क्रिप्ट अशी लिहा की तिचा पडद्याशी काही संबंधच नसेल. रेफकाउंटेडपासून निघालेला साधा क्लास. त्यात खेळाडूची ओळ आणि रकाना, फलाटाची बाजू (0 म्हणजे वर, 1 म्हणजे खाली), प्रवाशांच्या घरांची यादी आणि झालेली पावलं. फंक्शनं दोनच. पहिलं ‘रीसेट’, जे नवी फेरी मांडतं. दुसरं ‘स्टेप’, जे 0 ते 4 मधली एक चाल घेतं, ती लागू करतं आणि चार गोष्टी परत देतं: नवी स्थिती, मिळालेले गुण, दार गाठलं का, वेळ संपली का (म्हणजे 30 पावलं झाली का).

पुढचं सगळं या ‘स्टेप’वर उभं आहे. कळफलकावरचा बाण दाबला की हेच फंक्शन, आणि उद्या शिकणारा एजंट (आपल्या जागी खेळणारा प्रोग्रॅम) आला की त्यालाही हेच. चाली थेट इनपुटच्या कोडमध्ये लिहून ठेवल्या तर एजंटसाठी सगळं पुन्हा लिहावं लागतं, आणि मग माणूस एक गेम खेळतो नि संगणक दुसराच. हा घोटाळा आठवडाभर लक्षात येत नाही.

‘स्टेप’च्या आत क्रम महत्त्वाचा. आधी चालीवरून नवं घर काढा. ते पटाबाहेर असेल किंवा तिथे प्रवासी असेल तर धक्का लागला असं नोंदवा आणि खेळाडू जागीच ठेवा. नाहीतर घर बदला. मग पावलांत 1 मिळवा. मग दार तपासा, आणि वेळ सगळ्यात शेवटी. वेळ आधी तपासली तर तिसाव्या पावलाला दारात पोचलेला खेळाडू हरतो, आणि असं का होतंय ते डोकं खाजवूनही कळत नाही.

आता चित्र. घराचा आकार 64 पिक्सेल धरा, म्हणजे डबा 576 बाय 320 चा. मुळाशी नोड2डी, त्याखाली खेळाडूचा स्प्राइट (पडद्यावरचं चित्र), प्रवाशांचे स्प्राइट, वेळेसाठी एक लेबल आणि एक टायमर. जमीन आणि आसनांसाठी टाइलमॅपलेअर वापरा. जुन्या व्हिडिओंत दिसणारा टाइलमॅप नोड 4.3 पासून मागे पडलाय. चित्रं काढता येत नसतील तर केनीच्या संकेतस्थळावर सीसी0 परवान्याची हजारो चित्रं फुकट आहेत. सुरुवातीला तर रंगीत चौकोनही पुरतात, आणि खरं सांगायचं तर चौकोनांवर गेम लवकर पूर्ण होतो.

खेळाडू एका घरातून दुसऱ्या घरात उडी मारल्यासारखा दिसू नये म्हणून ट्वीन (सरकण्याचं ॲनिमेशन) लावा, 0.12 सेकंदांचा. नवख्यांचा ठरलेला घोळ इथेच होतो. स्प्राइट सरकत असताना दुसरा बाण दाबला जातो, आणि कोड स्प्राइटच्या त्या क्षणाच्या जागेवरून पुढचं घर मोजतो. चार-पाच पावलांत खेळाडू घरांच्या रेघेवर उभा. खेळाडू कुठे आहे हे फक्त नियमांच्या क्लासमधल्या पूर्णांकांना विचारायचं, स्प्राइटला कधीच नाही. स्प्राइट फक्त त्या आकड्यांच्या मागे धावतो. नवी चाल आली की जुना ट्वीन ‘किल’ करून नवा लावा.

आणखी चार खड्डे. टायमर टाकला तरी तो आपोआप सुरू होत नाही, ‘ऑटोस्टार्ट’वर खूण करावी लागते किंवा कोडातून सुरू करावा लागतो. गोडोटमध्ये वाय अक्ष खाली वाढतो, म्हणजे ‘वर’ जाण्यासाठी ओळीतून 1 वजा. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांक गळून पडतो, म्हणून 5 भागिले 2 बरोबर 2. आणि बाण दाबून धरला की तोच इव्हेंट पुन्हा पुन्हा येतो. एका दाबाला एकच पाऊल हवं असेल तर ‘एको’ तपासून असे इव्हेंट सोडून द्या.

माणसाला खेळायला 20 सेकंद द्या. ओळखीच्या कोणाला तरी हातात द्या आणि गप्प बसून बघा. ‘दार कुठलं ते कळलंच नाही’ असं ऐकू आलं तर फलाटाच्या बाजूला ठसठशीत पिवळा पट्टा द्या.

मराठी अक्षरांची डोकेदुखी

‘पुढील स्टेशन दादर’ असं लेबलमध्ये लिहिलं की तुमच्या संगणकावर ते झकास दिसतं. ब्राउझरमध्ये गेलं की चौकोनच चौकोन. कारण गोडोटच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही. संगणकावर ते गुपचूप सिस्टिमचा फाँट उसना घेतं, ब्राउझरमध्ये तो मिळत नाही. म्हणून फाँट प्रोजेक्टातच ठेवायचा. एक टाइप या मुंबईच्याच अक्षररचनाकारांनी केलेले मुक्त परवान्याचे मुक्ता आणि बालू हे दोन्ही चांगले. फाइल प्रोजेक्टात टाका, प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये जीयूआय, थीम, कस्टम फाँट इथे तिचं नाव द्या. गोडोट 3 मध्ये जोडाक्षरं नीट जुळत नसत, 4 मध्ये जुळतात.

एक टाइपरायटर इफेक्ट असतो, अक्षरं एकेक करून उमटणारा. तो मराठीत जपून वापरा. ‘स्टेशन’ आपल्याला तीन अक्षरं दिसतात, संगणक मात्र सहा मोजतो: स, हलंत, ट, मात्रा, श, न. एकेक दाखवत गेलात तर मध्येच पाय मोडलेला स लटकताना दिसतो. शब्दाशब्दाने दाखवा.

आता संगणकाला शिकवायचं

लगेच पायथनकडे धावू नका. पहिला एजंट गोडोटमध्येच, त्याच्याच जीडीस्क्रिप्ट भाषेत, चाळीसेक ओळींत होतो. पद्धतीचं नाव क्यू-लर्निंग, 1989 मध्ये क्रिस्टोफर वॉटकिन्स यांच्या प्रबंधात मांडलेली. तिला न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारं थराथरांचं गणिती जाळं) लागत नाही, फक्त आकड्यांचा एक तक्ता लागतो. अशी कल्पना त्याहूनही जुनी आहे. 1961 मध्ये डोनाल्ड मिची यांनी 304 काड्यापेट्या आणि रंगीत मणी घेऊन फुली-गोळा शिकणारं ‘यंत्र’ बनवलं होतं. प्रत्येक पेटी म्हणजे पटाची एक स्थिती, आतले मणी म्हणजे चाली. डाव जिंकला की मणी वाढवायचे, हरला की काढून घ्यायचे. आपण मण्यांच्या जागी दशांश अपूर्णांक ठेवतोय, इतकंच.

स्थिती म्हणजे खेळाडूचं घर आणि फलाटाची बाजू. 45 गुणिले 2, म्हणजे 90 स्थिती. प्रत्येकीत 5 चाली, म्हणून तक्त्यात 450 आकडे. स्थितीचा क्रमांक असा काढा: ओळ गुणिले 9, अधिक रकाना, त्या सगळ्याला 2 ने गुणून त्यात बाजू मिळवा. मोजणी शून्यापासून, त्यामुळे पहिल्या घराचा क्रमांक 0 आणि शेवटच्याचा 89 यायला हवा. दोन्ही टोकं छापून बघा. तक्त्यातली जागा म्हणजे स्थिती गुणिले 5, अधिक चाल. 450 जागांची यादी करा आणि सगळीकडे 0.0 भरा.

गुण असे ठेवा: दार गाठलं तर 10, प्रत्येक साध्या पावलाला उणे 0.1, धक्का लागला तर उणे 1.

प्रत्येक पावलानंतर तक्त्यातला एकच आकडा बदलायचा. लक्ष्य म्हणजे आत्ता मिळालेले गुण, अधिक गॅमा गुणिले पुढच्या स्थितीतल्या पाच आकड्यांतला सर्वांत मोठा. जुन्या आकड्यात ‘अल्फा गुणिले (लक्ष्य वजा जुना आकडा)’ एवढं मिळवायचं. अल्फा म्हणजे शिकण्याचा वेग, तो 0.1; गॅमा म्हणजे पुढच्या गुणांना द्यायचं वजन, ते 0.95. दार गाठलं असेल तर पुढची स्थितीच नाही, तेव्हा लक्ष्य म्हणजे फक्त 10. वहीत एकदा हाताने करून बघा: आकडा 0 आहे, दार गाठलं, नवा आकडा 1. पुन्हा गाठलं, 1 अधिक 0.1 गुणिले 9, म्हणजे 1.9. आधी दाराशेजारच्या घराचा आकडा वाढतो, मग त्याच्या शेजारच्या घराचा, आणि असं करत दाराची खबर कोपऱ्यातल्या खेळाडूपर्यंत पोचते. गर्दीत ‘दादर आलं, दादर आलं’ जसं दाराकडून आतपर्यंत सरकत येतं, तसंच.

वेळ संपली तेव्हा मात्र ‘पुढे काही नाही’ असं धरू नका. तीस पावलांची मर्यादा आपण घातलेली आहे, आणि किती पावलं उरली हे एजंटच्या स्थितीत नाहीच. वेळ संपल्यावरही नेहमीसारखाच पुढच्या स्थितीचा आकडा धरून लक्ष्य काढा, फक्त फेरी थांबवा. म्हणूनच ‘स्टेप’मधून दार गाठलं का आणि वेळ संपली का ही दोन उत्तरं वेगळी मागितली होती. पायथनमधल्या जिम्नेशियम लायब्ररीतही हीच फोड ‘टर्मिनेटेड’ आणि ‘ट्रंकेटेड’ या नावांनी आहे.

चाल निवडताना एप्सिलॉन हा आकडा लागतो. तेवढ्या शक्यतेने वाटेल ती चाल, एरवी तक्त्यातली सर्वांत मोठी. सुरुवात 1.0 पासून, प्रत्येक फेरीनंतर 0.998 ने गुणा, 0.05 च्या खाली जाऊ देऊ नका. सुमारे 1500 फेऱ्यांत तो तिथे पोचतो. एकूण 2000 फेऱ्या खेळवा. सर्वांत मोठे आकडे दोन-तीन असतील तर त्यांतून चिठ्ठी टाकून निवडा. नेहमी पहिलाच घेतलात तर शून्यांच्या तक्त्यात एजंट आधी ‘वर’च निवडतो आणि छताला डोकं आपटतो.

2000 फेऱ्या, प्रत्येकी फार तर 30 पावलं, म्हणजे 60,000 पावलं. पडद्यावर सेकंदाला 60 च्या गतीने दाखवायला 1000 सेकंद लागतील, सोळा-सतरा मिनिटं. नियम चित्रापासून वेगळे ठेवले असल्यामुळे हेच काम पडदा न हलवता काही सेकंदांत उरकतं. सगळ्या फेऱ्या एकाच लूपमध्ये घातल्यात तर तेवढा वेळ खिडकी गोठते. तसं नको असेल तर प्रत्येक फ्रेमला 50 फेऱ्या चालवा.

बरोबर चाललंय हे कशावरून

पहिली चाचणी रिकाम्या डब्यात घ्या, एकही प्रवासी नाही. कोपऱ्यापासून खालचं दार 4 ओळी आणि 4 रकाने, म्हणजे 8 पावलं. सात पावलांचे उणे 0.1 आणि आठव्याला 10, हे सगळं 0.95 च्या घातांनी कमी करत बेरीज केली तर साधारण 6.4 येते. शिकवून झाल्यावर कोपऱ्यातल्या त्या स्थितीचा सर्वांत मोठा आकडा 6.4 च्या आसपास हवा. 10 च्या जवळ असेल तर गॅमा लावायचं राहिलंय. शून्याजवळ किंवा उणे असेल तर बहुधा तुम्ही पुढच्या स्थितीऐवजी जुनीच स्थिती वाचताय, म्हणजे ‘स्टेप’ चालवल्यावर क्रमांक पुन्हा काढलेला नाही. एवढी एक तपासणी केली तरी निम्मे बग सापडतात. बहुतेक कोर्समध्ये मात्र ती नसते, तिथे आलेख वर गेला की टाळ्या.

मग 8 प्रवासी ठरलेल्या जागी उभे करा. दाराची दोन घरं आणि खेळाडूचं घर मोकळं ठेवा. वाट खरंच आहे ना, हे गोडोटमधल्या एस्टारग्रिड2डी क्लासने तपासा. तो सर्वांत जवळची वाट क्षणात काढून देतो.

इथे चाणाक्ष वाचक विचारेल, मग मशीन लर्निंग हवंच कशाला? प्रश्न रास्त आहे. बाजारातल्या बहुसंख्य गेममधले शत्रू एस्टार (वाट शोधायची हीच पद्धत), स्टेट मशीन आणि बिहेविअर ट्री (वागण्याचे आधीच लिहून ठेवलेले नियम) यांवरच चालतात, कारण ते स्वस्त पडतात आणि कसे वागतील याचा अंदाज असतो. नोकरी गेम कंपनीत हवी असेल तर आधी हे तीन पक्के करा. आपल्याला एस्टारचा आणखी एक उपयोग आहे: सर्वोत्तम वाट किती पावलांची हे आधीच ठाऊक असल्यामुळे एजंटची परीक्षा काटेकोर घेता येते.

परीक्षा घेताना एप्सिलॉन 0 करा, तक्ता बदलू देऊ नका, आणि दोन्ही बाजूंसाठी किती पावलांत दार गाठलं ते लिहा. शेजारी आणखी एक रकाना ठेवा, नुसत्या अंदाधुंद चाली करणाऱ्याचा. तो रकाना नसेल तर ‘100 पैकी 70 वेळा जमलं’ याला अर्थ नाही, कारण अंदाधुंद चालणाऱ्याला किती वेळा जमतं तेच माहीत नसतं.

बक्षीस चुकलं की एजंटही चुकतो

समजा पावलाचं उणे 0.1 काढून टाकलं आणि धक्क्याचं उणे 1 तेवढं ठेवलं. सुरुवातीच्या गोंधळात एजंट धक्के खातो, दार क्वचितच सापडतं, आणि तक्त्यात धक्का देणाऱ्या चालींसमोर उणे, तर ‘थांबणं’ आणि मोकळ्या घरांकडच्या चालींसमोर 0. परिणामी दार सापडेपर्यंत हा गडी उभा राहतो किंवा नुसता रेंगाळतो. त्याच्या दृष्टीने तेच शहाणपण आहे. उणे 0.1 लावलं की सतत उभं राहण्याची किंमत गॅमा 0.95 सह उणे 2 होते आणि तो हलायला लागतो.

याच्या उलट चूक म्हणजे लाड. दाराकडे टाकलेल्या प्रत्येक पावलाला 2 गुण द्यावेत असं मनात येतं. हिशोब करा. थेट गेला तर 8 पावलांचे 16 आणि दाराचे 10, एकूण 26. दाराजवळ पुढे-मागे करत 30 पावलं काढली आणि त्यातली निम्मी जरी दाराकडची धरली, तरी 30. एजंट दारासमोर नाचत बसतो. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. 2016 मध्ये ओपनएआयने कोस्टरनर्स या होड्यांच्या शर्यतीवर शिकवलेल्या एजंटने शर्यत पूर्ण करायचं सोडून एकाच ठिकाणी गोल गोल फिरत गुण गोळा केले होते. जवळ जाण्याचे गुण द्यायचेच असतील तर लांब गेल्यावर तेवढेच वजा करा.

पाठांतर मोडायचं

ठरलेल्या गर्दीत एजंट तरबेज झाला की प्रवाशांच्या जागा बदला. तो पुन्हा धक्के खाऊ लागेल. त्याने गर्दी ओळखायला शिकलेलंच नाही, वाट पाठ केलेली आहे. मशीन लर्निंगमध्ये ज्याला ओव्हरफिटिंग म्हणतात, त्याचं हे सख्खं भावंड.

सगळी गर्दीच स्थितीत घालू म्हटलं तर? दोन दारं सोडून 43 घरं, प्रत्येकात माणूस आहे किंवा नाही. 2 चा 43 वा घात, सुमारे 8.8 लाख कोटी. तक्त्याचा विषय संपला. मधला मार्ग असा की एजंटला फक्त शेजारची चार घरं दाखवायची, भरलेलं की मोकळं. चार हो-नाही, म्हणजे 16 शक्यता. 90 गुणिले 16 बरोबर 1440 स्थिती, 5 चालींचे 7200 आकडे. आता प्रत्येक फेरीला गर्दी बदला आणि फेऱ्या 20,000 करा. परीक्षेसाठी वेगळे सीड (गर्दी कशी पडेल हे ठरवणारे आकडे) राखून ठेवा, शिकवताना वापरलेले नकोत. गोडोट 4 सुरू होताना सीड आपोआप बदलतं, त्यामुळे बग शोधताना ते स्वतः ठरवून द्या, नाहीतर कालचा बग आज दिसणार नाही.

हा एजंट कधीतरी तीन माणसांच्या खोबणीत शिरून तिथेच घुटमळेल. त्याला एका घरापलीकडचं दिसत नाही, आणि आत्ताच कुठून आलो तेही आठवत नाही. तक्ता इथवरच नेतो. न्यूरल नेटवर्क का हवं, हे या खोबणीपाशी आल्यावर जितकं कळतं तितकं कुठल्याही व्याख्येने कळत नाही.

पायथनकडे

आता नियमांचा तो क्लास पायथनमध्ये उतरवा, साठ-सत्तर ओळी होतील. पायथनची अगदी ताजी आवृत्ती घेऊ नका, एखादी मागची घ्या. पायटॉर्चसारख्या लायब्रऱ्या नव्या आवृत्तीला कधी कधी उशिरा येतात आणि इन्स्टॉल करताना लांबलचक लाल ओळी दिसतात. विंडोजवर इन्स्टॉल करताना ‘ॲड टू पाथ’वर खूण करा. प्रोजेक्टासाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (लायब्रऱ्यांचा स्वतंत्र कप्पा) बनवा, मगच जिम्नेशियम आणि स्टेबल बेसलाइन्स3 (शिकवण्याच्या तयार पद्धतींची लायब्ररी) टाका.

एजंटला 48 आकडे द्या: ओळ भागिले 4, रकाना भागिले 8, बाजू, आणि 45 घरांचे 0 किंवा 1. भागायचं कारण असं की सगळे आकडे 0 ते 1 मध्ये असले की नेटवर्क नीट शिकतं. शिकवायच्या आधी लायब्ररीतलं ‘चेक एन्व्ह’ चालवा. आकड्यांचा प्रकार किंवा आकार चुकला असेल तर तिथेच सांगतं. मग पीपीओ ही शिकवण्याची पद्धत, एमएलपी पॉलिसी (म्हणजे साधं न्यूरल नेटवर्क), सुरुवातीला 2 लाख पावलं. तिचं नेटवर्क 64-64 च्या दोन थरांचं असतं. इतक्या लहान नेटवर्कला साधा प्रोसेसरच बरा. ग्राफिक्स कार्डावर आकडे पाठवण्या-आणण्यातच वेळ जातो, म्हणून कोलॅबचा (गूगलच्या ऑनलाइन पायथनचा) फुकटचा जीपीयूही इथे चालू करू नका.

नेटवर्क शिकत नसेल तर लगेच त्याचे थर वाढवू नका. आधी रिकामा डबा, मग ठरलेली गर्दी, मग बदलती गर्दी, या क्रमाने पुन्हा जा. रिकाम्या डब्यातही जमत नसेल तर दोष नेटवर्कचा नसून तुमच्या ‘स्टेप’चा आहे. पायथन आणि गोडोट यांचे नियम खरंच जुळतात का, हे पाहायला दोन्हीकडे एकच गर्दी मांडा, चालींची एकच यादी द्या आणि गुणांची बेरीज ताडून बघा. गोडोट आणि पायथन थेट जोडायचे असतील तर गोडोट आरएल एजंट्स नावाचं मुक्त ॲड-ऑन आहे, पण ते या तपासणीनंतर.

सिद्धांत इथून पुढे वाचायला घ्या. पवईच्या आयआयटीत प्राध्यापक शिवराम कल्याणकृष्णन हाच विषय (रीइन्फोर्समेंट लर्निंग, म्हणजे बक्षिसांतून शिकणं) ‘फाउंडेशन्स ऑफ इंटेलिजंट अँड लर्निंग एजंट्स’ या नावाने शिकवतात. मद्रास आयआयटीचे प्राध्यापक रवींद्रन यांची व्याख्यानं एनपीटेल या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. गणित बारावीचं पुरतं: संभाव्यता, सरासरी, मॅट्रिक्सचा गुणाकार, आणि डेरिव्हेटिव्ह म्हणजे उतार एवढी जाण.

‘उतरणार का?’

शेवटी एक भर घाला, म्हणजे गेमला मुंबईचा वास येईल. सहावी चाल: पुढच्याला ‘उतरणार का?’ असं विचारणं. दाराच्या बाजूला लगेच पुढच्या घरात प्रवासी उभा असेल तर तुमची दोघांची अदलाबदल, एका पावलाच्या बदल्यात. तिथे कोणी नसेल तर पाऊल फुकट. ही भर घालताना तक्त्याच्या सूत्रातला 5 बदलून 6 करायला लोक हमखास विसरतात. मग एका स्थितीची सहावी चाल आणि पुढच्या स्थितीची पहिली चाल एकाच जागी लिहिल्या जातात. गेम कोसळत नाही, एररही येत नाही, एजंट नुसता विचित्र वागतो. म्हणून चालींची संख्या सुरुवातीपासून एकाच स्थिरांकात ठेवा. 1440 स्थितींचे आता 8640 आकडे.

लोकांपुढे मांडायला इच या छोट्या गेमच्या संकेतस्थळावर टाका. एक्सपोर्टमध्ये वेब निवडा, थ्रेड्सची खूण काढा (ही सोय 4.3 पासून आहे), मुख्य फाइलचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल असंच ठेवा आणि फोल्डर नव्हे तर आतल्या फाइल निवडून त्यांची झिप करा. फोल्डरचीच झिप केली तर इंडेक्स एक पायरी आत जाते आणि गेम उघडताना अडचण येऊ शकते. फोनवर बाण नसतात, तेव्हा पडद्यावर सहा बटणं द्या. प्रत्येक निदान बोटाच्या पेराएवढं हवं, आणि ‘उतरणार का?’चं उजव्या अंगठ्याखाली, कारण दुसऱ्या हाताने लोकांनी वरची कडी धरलेली असते.